इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं : सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात हे चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊसपट्ट्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण हा शब्द मराठी ‘गूळ’वरून आलेला नाही, आणि कन्नड ‘बॆल्ल’वरूनही नाही. मग आला कुठून? असा प्रश्न पडला की बहुतेक जण मोबाइलवर शोधतात, पहिलं दिसेल ते खरं मानतात आणि चार गटांवर पाठवून मोकळे होतात. शब्दाच्या मुळाबद्दलच्या निम्म्या खोट्या गोष्टी अशाच पसरतात. खरं मूळ शोधायची एक पद्धत आहे, ती कुणालाही शिकता येते. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर या भागातल्या मराठी माणसाकडं त्यासाठीचं भांडवल आधीच असतं : घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू नाहीतर कोंकणी. दुसरीकडच्या अभ्यासकाला जे रूप कोशात धुंडाळावं लागतं, ते इथं रोज कानावर पडतं.

आधी हाताशी काय असावं

एक जाड वही आणि इंटरनेट असलेला मोबाइल एवढ्यावर काम सुरू होतं. कोश मात्र नेमके हवेत. इंग्रजी बाजूला डग्लस हार्पर यांचं ‘एटिमऑनलाइन’ हे मोफत संकेतस्थळ पहिल्या पाहणीला पुरेसं आहे. शब्दाची सर्वांत जुनी लेखी नोंद किती सालची, हे ‘मेरियम-वेबस्टर’च्या संकेतस्थळावर पटकन मिळतं. सर्वांत खोल काम ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चं. तिचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि ती १९२८ साली पुरी झाली. आजच्या आवृत्तीला वर्गणी पडते, पण पहिल्या आवृत्तीचे खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर फुकट वाचता येतात.

भारतीय बाजूला ‘हॉब्सन-जॉब्सन’ पाहिजेच. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली काढलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १९०३ साली विल्यम क्रुक यांनी वाढवला. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा घोष गोऱ्या शिपायांच्या कानाला जसा लागला, तेच कोशाचं नाव झालं. त्याच्या जोडीला मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश (१८९४) आणि बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४). शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर यातले बहुतेक कोश मोफत शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) मिळाला तर उत्तम. गावातल्या जुन्या वाचनालयात आधी विचारून बघा.

पायरी १ : शब्द वाक्यासकट उतरवा

नुसता शब्द लिहून घेतला की पुढं हमखास घोटाळा होतो. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे वेगवेगळे शब्द असतात आणि कोशात ते १, २, ३ असे आकडे टाकून निराळे नोंदवलेले असतात. ‘कॉट’ घ्या. झोपायची कॉट आपल्या ‘खाट’ शब्दावरून सतराव्या शतकात इंग्रजीत गेली. पण त्याच स्पेलिंगचा दुसरा ‘कॉट’ म्हणजे झोपडी. तो जुन्या इंग्रजीतला आहे, ‘कॉटेज’ त्याचा नातेवाईक. नवशिका पहिली नोंद वाचून थांबतो आणि कॉटेजचं मूळ खाट ठरवून मोकळा होतो. वाक्य समोर असलं की कोणत्या आकड्याची नोंद आपली, हे लगेच कळतं.

पायरी २ : नोंदीतल्या खुणा वाचायला शिका

कोशातली व्युत्पत्ती इतकी आखूड लिहिलेली असते की खुणा कळल्या नाहीत तर हाती काही लागत नाही. ‘ओ. ई.’ म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण इ. स. ११००च्या आधीची. ‘एम. ई.’ म्हणजे मध्य इंग्रजी, साधारण ११०० ते १५००. ‘ओ. एफ.’ जुनी फ्रेंच, ‘एल.’ लॅटिन. डावीकडं टोक असलेली कोनी खूण ‘याच्यापासून आला’ असं सांगते. ‘सी. एफ.’ म्हणजे ‘ताडून पाहा’. इथं बरेच जण चुकतात : ‘ताडून पाहा’पुढं दिलेला शब्द हा मूळ नव्हे, तो नुसता शेजारी ठेवलेला असतो.

सगळ्यांत महत्त्वाची खूण चांदणीची. शब्दाआधी चांदणी असेल तर तो शब्द कुठंही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नियमांवरून उभा केलेला आहे. वहीत उतरवताना चांदणी गाळू नका. ती गाळली की अनुमानाला पुराव्याचा दर्जा मिळतो. ‘पर्हॅप्स’, ‘प्रॉबेबली’, ‘अपॅरंटली’ हे शब्दही तितकेच जपून उतरवा.

पायरी ३ : साल बघा

कोशातलं साल म्हणजे शब्द जन्मल्याचं साल नव्हे, तो लिहिलेला सापडल्याचं. सालाआधी ‘ए’ असेल तर ‘त्याआधी’, ‘सी’ असेल तर ‘सुमारे’. बोलण्यात शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो. तरी सालाचा मोठा उपयोग आहे : सांगितलेली गोष्ट त्या सालाशी जुळत नसेल तर ती खोटी.

‘पॉश’ या शब्दाची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. हिंदुस्थानला येणाऱ्या बोटीवर श्रीमंत प्रवाशांना जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची थंड खोली मिळे, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं तिकिटावर मारत, त्यावरून ‘पॉश’. अशी अक्षरं मारलेलं एकही तिकीट आजवर पुढं आलेलं नाही. ‘ऐटबाज’ या अर्थी हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लेखी दिसतो, बोटीची कथा त्यानंतर बरीच वर्षं उलटल्यावर छापली गेली. इथून एक कामाचा नियम हाती येतो. आद्याक्षरांपासून शब्द बनवायची चाल विसाव्या शतकातली. ‘रडार’, ‘लेसर’ असे खरोखर बनले. त्याहून जुन्या शब्दाला कुणी आद्याक्षरांची फोड देत असेल तर ती जवळपास नेहमी रचलेली असते.

पायरी ४ : वाट काढा, नुसतं साम्य नको

या पायरीला घाई करू नका, सगळं काम इथंच आहे. दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. शब्द कुणाच्या तोंडून, कोणत्या बंदरातून, कोणत्या व्यापारात इकडून तिकडं गेला, ती वाट दाखवता आली पाहिजे.

जॅगरी पुन्हा हातात घेऊ. कोशात शोधलं की इंग्रजीतली नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीची मिळते. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीही स्थापन झालेली नव्हती. मग इंग्रजांना हा शब्द दिला कुणी? पोर्तुगीजांनी. गोवा १५१० पासून त्यांच्या ताब्यात होता आणि पश्चिम किनाऱ्यावरचा व्यापार त्यांच्या हातात होता. त्यांच्या भाषेत ‘जागरा’, ‘जाग्रा’ अशी रूपं दिसतात. त्यांच्यामागं कोश मल्याळम ‘चक्करा’ किंवा कन्नड ‘शर्करॆ’ देतात, आणि या सगळ्यांच्या मागं संस्कृत ‘शर्करा’. म्हणजे जॅगरी हा शब्द गुळाचा नसून साखरेचा आहे. ‘शर्करा’चा जुना अर्थ खडे, वाळू, कंकर, दाणेदार झालेल्या उसाच्या रसाला तेच नाव पडलं.

आता ‘शुगर’ काढून बघा. तोही ‘शर्करा’च, पण वेगळ्या वाटेनं : फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी. ‘सॅकरिन’ तिसऱ्या वाटेनं, ग्रीक-लॅटिनमधून. रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात तो शब्द घडवला. एकाच घरातून निघालेले तिघे जण जमिनीवरून, समुद्रावरून आणि ग्रंथांतून इंग्रजीत पोचले. ‘कँडी’ मात्र या घरातला नाही, तो ‘खंड’ म्हणजे आपल्या खांडसरीतल्या ‘खांड’वरून, फारसी-अरबीमार्गे गेलेला.

इथं एक खड्डा आहे. ‘शुगर’च्या स्पेलिंगला सुरुवातीला ‘एस’ आहे आणि उच्चार मात्र ‘श’ आहे, म्हणून ‘शर्करा’तला ‘श’ इंग्रजीत टिकला असं म्हणायचा मोह होतो. तो चूक आहे. अरबीत आणि फ्रेंचमध्ये तो ‘स’च होता. इंग्रजीत ‘स्यु’सारख्या जोडणीचा पुढं ‘शु’ झाला, जसा ‘शुअर’मध्ये झाला. वाट पायरी पायरीनं लिहून काढली की असा खोटा पुरावा आपोआप गळून पडतो.

वाट लिहिताना प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी नोंदवा : भाषा, रूप, अर्थ आणि शतक. एखादा टप्पा रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजानं भरू नका.

पायरी ५ : उसना की सगोत्र, ते ठरवा

इंग्रजी आणि मराठी शब्द सारखे असण्याची तीन कारणं असतात. एकानं दुसऱ्याकडून उचलला, किंवा दोघांचा पूर्वज एक, किंवा निव्वळ योगायोग. इंग्रजी आणि संस्कृत एका मोठ्या भाषाकुळातल्या असल्यामुळं दुसरं कारण खूपदा लागू पडतं, पण तिथं ध्वनींचे नियम कडक आहेत. संस्कृतातला ‘द’ अस्सल इंग्रजी शब्दात ‘ट’ होऊन येतो : द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. ‘प’चा ‘फ’ होतो : पितृ–फादर, पाद–फूट.

या नियमावर ‘डे’ आणि ‘दिवस’ घासून बघा. दोन्ही ‘द’नं सुरू होतात, अर्थही एकच, म्हणून सगळे त्यांना भाऊ मानतात. नियमाप्रमाणं ‘दिवस’चा इंग्रजी भाऊ ‘ट’नं सुरू व्हायला हवा होता. ‘डे’ तसा नाही. त्याचं मूळ वेगळं आहे. उलट ‘ट्यूजडे’मधला ‘टिऊ’ हा जर्मानिक देव आपल्या ‘देव’ शब्दाचा खरा सगोत्र आहे, कारण तिथं ‘द’चा ‘ट’ झालेला दिसतो. दिसायला जवळचे असूनही परके, दिसायला लांबचे असूनही सख्खे, असं या कामात वारंवार होतं. आणि ‘डेंटल’मध्ये ‘ड’ का राहिला? तो लॅटिनमधून उशिरा उसना घेतलेला आहे, म्हणून त्याला हा नियम लागला नाही.

पायरी ६ : इथल्या भाषांत पडताळा

मोल्सवर्थमध्ये शोधताना आजचं शुद्धलेखन चालत नाही. तिथं ‘खोबरें’, ‘करणें’ असे अनुस्वार आहेत. ‘खोबरे’ टाइप केलं आणि काही आलं नाही की शब्दच नाही असं समजू नका, अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. नोंदीत कंसात एखादं रोमन अक्षर असतं : ‘एस’ संस्कृत, ‘पी’ फारसी, ‘ए’ अरबी, ‘एच’ हिंदी. मोल्सवर्थ यांचं मत एकोणिसाव्या शतकातलं आहे, म्हणून द्राविडी वाटणारा शब्द बरो-एमेनोंमध्ये जरूर ताडून पाहा.

कन्नड रूपं देवनागरीत लिहिताना र्‍हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे दाखवा. तंबाखूला कन्नडमध्ये ‘हॊगॆसॊप्पु’ म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. यातले सगळे स्वर र्‍हस्व आहेत. ‘होगेसोप्पु’ असं नेहमीच्या मात्रांनी लिहिलं तर पुढं किटेलमध्ये तो शोधताना अडचण येते, कारण तिथं र्‍हस्व-दीर्घ वेगवेगळ्या जागी लागतात.

माणसांना विचारणं हाही पडताळाच आहे, पण विचारायची रीत आहे. इंग्रजी शब्द आधी सांगू नका. निपाणीच्या तंबाखू बाजारात वस्तू दाखवा आणि ‘अण्णा, तुमच्याकडं ह्येला काय म्हणत्यात?’ एवढंच विचारा. ‘चिरूट म्हणतात ना?’ असं विचारलंत तर समोरचा हो म्हणेल आणि उत्तर वाया जाईल. इंग्रजी ‘शेरूट’ तमिळ ‘चुरुट्टु’वरून, म्हणजे ‘गुंडाळी’वरून गेलेला आहे. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या दोघांनाही स्वतंत्र विचारा, शक्यतो वयस्कर माणसांना, आणि गावाचं नाव नोंदवा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातलं रूप आणि अथणीकडचं रूप एक असेलच असं नाही.

एखाद्या शब्दाचं मूळ कन्नड निघालं तर मराठीला कमीपणा येत नाही, आणि मराठी निघालं तर कन्नडला येत नाही. ‘अण्णा’, ‘अक्का’ आपण रोज म्हणतो. हे मनात पक्कं नसेल तर पुरावा बाजूला राहतो आणि हट्ट पुढं येतो.

पायरी ७ : नोंद कशी लिहायची

एका शब्दाला एक पान द्या. नमुना म्हणून ‘मंगूज’ :

शब्द : मंगूज. अर्थ : मुंगूस. लेखी पुरावा : जॉन फ्रायर यांच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात, प्रवास मात्र १६७०च्या दशकातला, म्हणून दोन्ही सालं लिहायची. वाट : मराठी ‘मुंगूस’वरून इंग्रजीत. शेजारची रूपं : कन्नड ‘मुंगुसि’, तेलुगू ‘मुंगिस’, यामुळं मराठीमागंही द्राविडी मूळ असण्याचा संभव. अडथळा : शेवटचे पाच इंग्रजी वर्ण ‘गूज’ म्हणजे हंसासारखे दिसतात, पण हंसाशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूजेस’, ‘मंगीज’ नव्हे. पक्केपणा : मराठीपर्यंत पक्का, त्यापुढं संभाव्य.

शेवटची ओळ कधीही गाळू नका. ‘पक्का’, ‘संभाव्य’, ‘वादग्रस्त’, ‘खोटा’ हे चार शेरे पुरतात.

नेहमी फसवणारे शब्द

‘टिफिन’ आपल्याला अगदी देशी वाटतो. तो इंग्रजीतल्या ‘टिफिंग’ या बोलीशब्दावरून, म्हणजे थोडंसं पिण्या-खाण्यावरून आला असं कोशकार मानतात. हिंदुस्थानात तो टिकला, इंग्लंडात विसरला गेला. ‘गोदाम’ आणि ‘गोडाउन’ यांची वाट तर मलायमार्गे जाते : मलाय ‘गुदांग’, आणि त्यामागं बहुधा तेलुगू-तमिळ रूपं. ‘पंच’ हे पेय पाच जिन्नसांवरून, असं फ्रायर यांनीच लिहून ठेवलंय. पण शब्द त्यांच्या आधी, १६३२ सालीच इंग्रजीत लिहिलेला सापडतो आणि पेयातले जिन्नस पाचच असत असंही नाही. याला ‘वादग्रस्त’ शेरा द्या. ‘टँक’चं मूळ पश्चिम भारतातलं ‘टांकें’ की पोर्तुगीज ‘टांके’, यावर कोश दोन्ही देतात. किनाऱ्यावर दोन सारखे शब्द भेटून एक झाले असावेत.

छापील कोशही चुकतो. वेबस्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द ‘घनता’ या अर्थी छापला गेला. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा किंवा छोटा ‘डी’ (‘डी ऑर डी’) वापरतात, अशी चिठ्ठी होती, तिच्यातली अक्षरं जोडून वाचली गेली. १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आलं, ते कशामुळं? त्या नोंदीला व्युत्पत्तीच दिलेली नव्हती. म्हणून एकाच कोशावर कधी थांबू नका. दोन कोश पाहा, आणि दुसऱ्यानं पहिल्यातलंच उतरवलंय का तेही बघा. संकेतस्थळांवर ही उतरवाउतरवी सर्रास चालते. शब्दन् शब्द सारखा मजकूर दहा ठिकाणी दिसला तरी तो पुरावा एकच धरायचा.

सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी

पहिले चार-पाच शब्द असे घ्या की ज्यांचा जन्म कागदावर नोंदलेला आहे, हात बसतो. ‘सेरेन्डिपिटी’ म्हणजे नकळत चांगलं काही सापडणं. होरेस वॉलपोल यांनी १७५४ सालच्या एका पत्रात तो घडवला, ‘सेरेन्दिप’च्या राजपुत्रांच्या फारसी कथेवरून. सेरेन्दिप म्हणजे श्रीलंका, मागं ‘सिंहलद्वीप’. ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिन ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, आणि प्रागमध्ये १६१८ साली तसं खरोखर घडलं. ‘पेट्रिकोर’ म्हणजे पहिल्या पावसाचा मातीचा वास. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तो ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या अंगातलं रक्त, यांवरून केला.

त्यानंतर लष्करी शब्दांकडं वळा. बेळगावच्या कॅम्पात आणि मराठा रेजिमेंटच्या घरांत हे शब्द ओळखीचे असतात, त्यामुळं पडताळा सोपा जातो. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत शिपाई कंटाळून जात, त्यावरून. पुढं जोडला जाणारा ‘टॅप’ म्हणजे ताप. ‘खाकी’ फारसी ‘खाक’वरून, ‘चिट’ चिठ्ठीवरून, ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं हा हिंदी ‘देखो’वरून, ‘ब्लायटी’ म्हणजे शिपायाचं मायदेश इंग्लंड, हा ‘विलायती’वरून.

‘जिंजर’ आणि ‘ऑरेंज’ हे दोन शब्द मात्र थोडा सराव झाल्यावर घ्या. ‘जिंजर’चं संस्कृत रूप ‘शृंगवेर’ शिंगाशी जोडलेलं दिसतं, पण ती फोड नंतर बसवलेली आहे, मागं द्राविडी ‘इंजि’ उभा आहे. ‘ऑरेंज’मधला ‘नारंग’चा ‘न’ इंग्रजीत गळला असं सांगतात; तो त्याआधीच फ्रेंच-इटालियनमध्ये गळलेला होता. इंग्रजीतच असा ‘न’ हरवल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर ‘एप्रन’ काढा : मूळचा ‘नेप्रन’, त्यातला ‘न’ मागच्या ‘अ’ला चिकटून ‘ॲन एप्रन’ झाला.